पित्ताशयातले खडे आणि उर्सोची गोळी : तुमचे प्रश्न

सोनोग्राफीत ८ मिमीचा खडा निघाला. उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड ३०० मिग्रॅ दिवसातून दोनदा चालू आहे. वजन ६० किलो. महिना झाला, खडा विरघळला असेल का? (भुसावळ)

एवढ्यात नाही. डोस बरोबर आहे : किलोमागे रोज ८ ते १० मिग्रॅ. पण काम चालतं ६ महिने ते २ वर्षं. हे औषध (थोडक्यात उर्सो) म्हणजे एक पित्ताम्लच, पित्तात मुळातच असणाऱ्या आम्लांपैकी एक. त्याने यकृतातून पित्तात उतरणारं कोलेस्टेरॉल घटतं, आतड्यातलं शोषणही कमी होतं. मग कोलेस्टेरॉल कमी असलेलं पित्त खड्याचा थर हळूहळू ओढून घेतं. म्हणून खडा कोलेस्टेरॉलचाच हवा, १० मिमीपेक्षा लहान हवा, पित्ताशय जेवणानंतर नीट आकसायला हवं आणि त्याची नळी मोकळी हवी. एक्स-रेत दिसणारा खडा चुन्याचा असतो, तो विरघळत नाही. सहाव्या महिन्यात पुन्हा सोनोग्राफी करा. वर्षभरात काहीच घट नसेल तर गोळ्या पुढे रेटण्यात अर्थ नाही. विरघळलेले खडे ५ वर्षांत जवळपास निम्म्या जणांत परत होतात, हेही आधीच माहीत असू द्या. गोळी जेवणासोबत घ्या. सुरुवातीला शौचाला पातळ होऊ शकतं.

वारंवार कळ येत असेल तर ऑपरेशनच बरं. थंडी वाजून ताप, पिवळे डोळे, गडद लघवी यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मुलगी १४ वर्षांची, सिकलसेलची पेशंट. तिलाही खडे आहेत. हीच गोळी चालेल? (धडगाव)

नाही, आणि हे नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यातल्या प्रत्येक घराला कळायला हवं. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी सतत फुटतात, त्यातून बिलिरुबिन हे पिवळं रंगद्रव्य वाढतं आणि त्याचे काळे खडे बनतात. त्यात कोलेस्टेरॉल नसल्यासारखंच, म्हणून औषधाला ओढायला काही नाही. दुखत असेल तर दुर्बिणीचं ऑपरेशन ठरवून करावं, अचानक वेळ येण्याची वाट पाहू नये. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सिकलसेल आधीच सांगा. पाण्याची कमतरता, थंडी आणि ऑक्सिजन कमी पडणं तिला धोक्याचं ठरतं. आधी रक्त द्यायचं का, ते हिमोग्लोबिन पाहून ठरतं.

पित्त फार होतं. ही पित्ताचीच गोळी ना? जेलुसिलसोबत घेऊ? (अमळनेर)

आपण बोलीत ज्याला पित्त म्हणतो, ती छातीतली जळजळ जठरातल्या आम्लाची. या औषधाचा तिच्याशी संबंध नाही. ज्यांना उर्सो लिहून दिलीय त्यांनी जेलुसिलसारखं ॲल्युमिनियमचं अँटासिड किमान २ तास अंतराने घ्यावं, नाहीतर ते गोळीला आतड्यातच धरून ठेवतं.

प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस आहे, वजन ५२ किलो. रोज ७५० मिग्रॅ जास्त नाही? (पारोळा)

जास्त नाही. यकृतातल्या बारीक पित्तनळ्या हळूहळू खराब करणाऱ्या या आजारात किलोमागे १३ ते १५ मिग्रॅ लागतात, म्हणजे तुम्हाला ६७६ ते ७८०. खाज मात्र याने सहसा थांबत नाही. तिच्यासाठी कोलेस्टायरामिन दिलं तर दोन्हींत किमान ४ तास ठेवा. वर्षाने रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्तनळ्यांना त्रास झाला की वाढणारं एन्झाइम) पुरेसं उतरलं का, हे पाहूनच पुढचं ठरतं. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करू नका.