पुरात दवाखाना रिकामा करताना, हलवता न येणाऱ्या पेशंटला इंजेक्शन देऊन ‘सोडवणं’ चालतं का?

नाही, चालत नाही. पेशंटने स्वतः हात जोडून मागितलं तरी तो मनुष्यवधच, आणि पूर आला म्हणून कायदा सवलत देत नाही. सुप्रीम कोर्टाने अरुणा शानबाग प्रकरणात (२०११) आणि पुन्हा ९ मार्च २०१८च्या निकालात मुभा दिली ती फक्त बरं होण्याची आशा नसलेल्याचे उपचार थांबवायला, तेही २०१८च्या निकालानुसार दोन वैद्यकीय मंडळांच्या मतानंतर. खडकवासल्यातून पाणी सोडलंय, तळमजल्यावर जनरेटर बुडतोय, तेव्हा मंडळं कुठून बसवणार?

मी पुण्यातच कॅज्युअल्टीत नर्स आहे. आमच्या सरावात मनगटाला पट्ट्या बांधतात: लाल (सगळ्यात तातडीची) आधी, मग पिवळी, मग हिरवी. काळी पट्टी म्हणजे मेलेला, किंवा आत्ताच्या साधनांत वाचणार नाही असा. पण ‘मागे ठेवला’ आणि ‘मारला’ यात फरक आहे (बाहेरून बघणाऱ्याला तो दिसत नाही, हेही खरं). जिवंत असेल तर त्याच्याजवळ कुणीतरी थांबायचं, वेदनाशामक द्यायचं, पुन्हा तपासायचं. बोट आली, माणसं वाढली की काळीची लालही होते. व्हेंटिलेटर बंद पडला तर अंबू बॅग (श्वास देणारी पिशवी) हाताने दाबत राहायची, आळीपाळीने.

एक मेख आहे. मॉर्फिन दुखणं थांबवायला दिलं आणि श्वास मंदावला, तर हेतू आणि डोस बघितला जातो. म्हणून डोस, वेळ, कारण तिथल्या तिथे लिहा, चिठ्ठीवर का होईना.