दिवाणखान्यातले नांद्रुक पाने का गाळते?

प्रश्न : दिवाळीत मला फुगीर, मुळांसारख्या खोडाचे एक छोटे बोन्साय भेट मिळाले. आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. झाड दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवले असून रोज सकाळी त्याला अर्धा पेला पाणी घालते. आता पाने पिवळी पडून गळू लागली आहेत. खत द्यावे का? सासूबाईंच्या मते असे खुंटवलेले झाड घरात ठेवूच नये. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्या वर्णनावरून हे फायकस मायक्रोकार्पा, म्हणजे आपल्याकडचे नांद्रुक असावे. बाजारात ते ‘जिनसेंग फायकस’ म्हणून विकले जाते, मात्र जिनसेंग या औषधी मुळीशी त्याचा काहीही संबंध नाही. ते वड, पिंपळ आणि उंबर यांच्या भावकीतले झाड आहे आणि पहिले बोन्साय म्हणून इतके सोशीक झाड क्वचितच मिळेल. जागा आणि उजेड बदलला की पाने गाळायची, ही त्याची जुनी खोड आहे. एखाद्या फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहा. आत ओलसर हिरवा थर दिसला, तर ती फांदी जिवंत आहे.

खरी अडचण उजेडाची आहे. आपले डोळे कमी प्रकाशाला चटकन सरावतात, त्यामुळे दिवाणखाना आपल्याला लख्ख वाटतो. प्रत्यक्षात खिडकीपासून चार-पाच फूट आत पानांना मिळणारा प्रकाश बाहेरच्या उजेडाचा अगदी लहानसा अंश असतो, आणि ट्यूबलाइटने ती उणीव भरून निघत नाही. झाड गॅलरीत किंवा सकाळचे तीन-चार तास ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवावे, पण एकदम उन्हात न नेता आठ-दहा दिवस थोडे-थोडे सरकवत न्यावे, नाहीतर उरलेली पानेही करपतील. गॅलरीच्या कठड्यावर मात्र कुंडी कधीही ठेवू नये. सहाव्या मजल्यावरून काय पडू शकते, याचा विचार खाली चालणाऱ्यांच्या बाजूने करावा.

आता पाण्याविषयी. रोजच्या अर्ध्या पेल्याने एक तर वरचीच माती भिजते आणि खालची मुळे कोरडी राहतात, किंवा कुंडीला छिद्र नसेल तर तळाशी पाणी साचून मुळे कुजतात. म्हणून आधी कुंडी उचलून तळ पाहा. भेट म्हणून विकल्या जाणाऱ्या शोभेच्या कुंड्यांना पुष्कळदा छिद्रच नसते, आणि मातीवर पांढरे खडे गोंदाने चिकटवलेले असतात; ते खडे काढून टाकावेत, कारण त्यांच्याखाली माती ओली आहे की कोरडी, हे कळायला मार्गच राहत नाही. त्यानंतर घड्याळाऐवजी बोटावर विसंबावे. वरची अर्धा इंच माती कोरडी लागली की तळाच्या छिद्रातून वाहेपर्यंत पाणी घालावे, आणि पुन्हा तितकी कोरडी होईपर्यंत थांबावे. मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी लागेल, तर भर पावसाळ्यात कित्येक दिवस लागणार नाही. खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार नको असेल, तर कुंडी न्हाणीघरात नेऊन भिजवावी आणि पूर्ण निथळल्यावर जागेवर ठेवावी. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचे डास नेमक्या अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतात.

खत आत्ता अजिबात देऊ नये. आजारी मुळांना खत म्हणजे जुलूमच. नवी पालवी फुटल्यावर पातळ केलेले द्रवखत पंधरवड्यातून एकदा पुरेसे आहे. पेंड आंबवून केलेले पाणी झाडाला मानवते, पण त्याचा वास सदनिकेत कोणालाच मानवत नाही. कुंडी बदलण्याचे कामही, मुळे कुजल्याची शंका नसेल तर, जूनपर्यंत लांबवावे. त्या वेळी विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत असे मोकळे मिश्रण वापरावे आणि मुळांचा साधारण तिसरा हिस्सा छाटावा. छाटताना पांढरा चीक येतो, तो त्वचेला आणि डोळ्यांना लागू देऊ नये.

सासूबाईंच्या आक्षेपातला शुभाशुभाचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा आहे. पण बोन्साय उपाशी ठेवून लहान राखतात, हा समज बरोबर नाही. मुळे आणि शेंडे वेळोवेळी छाटून, उलट अधिक निगुतीने ते जोपासावे लागते. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात जपानने १९७६ मध्ये भेट दिलेले एक पाइन आहे. त्याची जोपासना १६२५ पासूनची मानली जाते आणि १९४५ च्या अणुबॉम्बच्या वेळी ते हिरोशिमातच होते. शिवाय झाड दिवाणखान्यातून गॅलरीत गेले, की सासूबाईंचे आणि झाडाचे, दोघांचेही समाधान होईल.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेले जुनिपर या सूचिपर्णी झाडाचे बोन्साय वातानुकूलित खोलीत ठेवले आहे. रंग हिरवा आहे, पण पाने हाताला कोरडी आणि ठिसूळ लागतात. (एक वाचक, पुणे)

उत्तर : ते बहुधा वाळून गेले आहे. जुनिपर मेल्यानंतरही काही आठवडे हिरवे दिसते, त्यामुळे मालकाला उशिरा कळते. त्याला उघड्यावरचे ऊन लागते. बंद खोलीत ते टिकत नाही. त्याऐवजी ‘जेड’ म्हणून मिळणारे पोर्तुलाकारिया आफ्रा हे मूळचे दक्षिण आफ्रिकेतले झाड घ्यावे. त्याच्या मांसल पानांत पाणी साठलेले असल्याने चार दिवस विसर पडला तरी ते तग धरते. मात्र ऊन त्यालाही हवेच.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही गावी जातो. तेव्हा बोन्सायचे काय करावे? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तीन-चार दिवसांचा प्रश्न असेल, तर घमेल्यात वाळू भरून ती चिंब भिजवावी, कुंडी अर्ध्यापर्यंत तिच्यात रोवावी आणि घमेले उजेडाच्या पण थेट ऊन न येणाऱ्या जागी ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवल्यास झाड आत उकडून निघते. त्याहून अधिक दिवस जाणार असाल, तर शेजाऱ्यांकडे किल्ली द्यावी आणि निघण्यापूर्वी त्यांच्याच हातून एकदा पाणी घालवून घ्यावे.