सीआर१ की आयआर१: तुझ्या तिकिटाची तारीख आणि कार्डावरची सरकारी चूक

तू ताई म्हणालीस म्हणून सरळ अगंतुगंच करते. तुझा प्रश्न इतरांसाठी थोडक्यात सांगते, नवरा अमेरिकन सिटिझन, तुझ्या पासपोर्टवर सीआर१ व्हिसा लागलाय, तो एप्रिलपर्यंत चालतो, आणि लग्नाला दोन वर्षं पूर्ण होतायत १९ जानेवारीला. सासरचे म्हणतात डिसेंबरात ये, तुला वाटतंय संक्रांत माहेरी करून फेब्रुवारीत जावं, आणि नवरा म्हणतो कार्डावर काय चूकबीक झाली तर नंतर बघू. या शेवटच्या वाक्यासाठी एवढं मोठं लिहितेय, कारण "नंतर बघू" मध्ये माझे सात महिने गेले.

आधी मूळ गोष्ट. सीआर१ म्हणजे अटींवरचं ग्रीन कार्ड (अमेरिकेत कायम राहायचा परवाना), दोन वर्षांचं. आयआर१ म्हणजे बिनअटीचं, दहा वर्षांचं. कुठलं मिळणार हे व्हिसा कधी छापला त्यावर ठरत नाही, तू अमेरिकेत प्रवेश करशील त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालीत की नाही त्यावर ठरतं. म्हणजे व्हिसावर सीआर१ छापलेलं असलं तरी २० जानेवारीनंतर उतरलीस तर तुला आयआर१ म्हणूनच आत घ्यायला पाहिजे, असा कायदाच आहे. डिसेंबरात गेलीस तर दोन वर्षांचं कार्ड येणार आणि ते बरोबरच असणार, त्यात चूक काढता येणार नाही.

फरक मोठा आहे गं. दोन वर्षांच्या कार्डाला ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ फॉर्म भरावा लागतो, दोघांच्या नावावरचं बँक अकाउंट, घराचं अ‍ॅग्रीमेंट, टॅक्स रिटर्न, फोटो सगळं जोडून लग्न खरं आहे हे परत एकदा सिद्ध करायचं, फी एप्रिल २०२४ पासून ७५० डॉलर, आणि तो फॉर्म भरायचा राहिला तर रेसिडेन्सीच जाते. दहा वर्षांच्या कार्डाला यातलं काहीच नाही. सिटिझनशिपला मात्र दोन्हीकडे सारखंच, सिटिझन नवऱ्यासोबत राहत असशील तर तीन वर्षांनी अर्ज, आणि ती तीन वर्षं कार्डावरच्या "रेसिडेंट सिन्स" या तारखेपासून मोजतात, म्हणून ती तारीखही नीट बघायची.

आता माझं सांगते. आमचं लग्न १२ फेब्रुवारी २०२१ चं, सांगलीत, कोविडमुळे पन्नास माणसांत. मी उतरले २ मार्च २०२३ ला, म्हणजे दोन वर्षं होऊन वर अठरा दिवस. विमानात मी मनात वाक्य पाठ करत होते की माझ्या लग्नाला दोन वर्षं झालीत, आयआर१ करा. पण सोळा-सतरा तासांचा प्रवास, मागे ही लांब लाइन, विमानतळावरच्या इमिग्रेशन काउंटरवरच्या माणसाने बोटांचे ठसे घेतले, शिक्का मारला आणि शिक्क्याच्या रेघेवर पेनने लिहिलं CR1, आणि मी ते समोरून उलटं वाचलं, कळलं, आणि तरी बोलले नाही. आपल्याला लहानपणापासून सरकारी माणसासमोर जास्त बोलायचं नाही अशीच सवय असते. तिथेच सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

दीड महिन्याने कार्ड आलं. सुंदर हिरवं कार्ड, माझं नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, आणि कॅटेगरी CR1, संपायची तारीख बरोब्बर दोन वर्षांनी. सगळ्यांनी सांगितलं राहू दे, दोन वर्षांनी तो फॉर्म भर, सगळेच भरतात. मला ते पटेना. चूक माझी नाही तर तिचे पैसे आणि तिचा घोर मी का घ्यायचा?

यावर उपाय म्हणजे आय-९० फॉर्म. हाच फॉर्म कार्ड हरवलं, संपलं, नाव बदललं तरी वापरतात, त्यामुळे त्यात अर्जाचं कारण निवडताना अतिशय सांभाळून. "(इमिग्रेशन) खात्याच्या चुकीमुळे कार्डावर चुकीची माहिती आहे" असा एक पर्याय आहे आणि "माझं नाव किंवा माहिती कायद्याने बदलली आहे" असा दुसरा. पहिल्याला फी नाही. दुसऱ्याला पूर्ण फी, आत्ताच्या दराने ऑनलाइन ४१५ आणि कागदावर ४६५ डॉलर. आणि चूक तुझ्याच डीएस-२६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जातून आलेली असेल, म्हणजे तूच स्पेलिंग चुकीचं भरलं असशील, तर ती खात्याची चूक धरत नाहीत, तेव्हा फी भरावीच लागते.

फॉर्मसोबत चुकीचं कार्ड मूळच पाठवावं लागतं, झेरॉक्स नाही. मला याचीच भीती वाटत होती की कार्ड दिलं तर हातात काय राहिलं. पण पासपोर्टमधला इमिग्रंट व्हिसा बघ, त्यावर छापलेलंच असतं की शिक्का मारल्यावर तो एक वर्ष तात्पुरत्या ग्रीन कार्डासारखा चालेल. तो आहे तोवर अडत नाही, म्हणून चूक दिसली की त्या वर्षाच्या आतच पाठवायचं. मी कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले, कलर प्रिंट काढली, आणि मगच पाकीट बंद केलं.

बाकी जोडलं ते असं: व्हिसाचं पान, शिक्क्याचं पान, आणि विवाह नोंदणीचा दाखला इंग्रजी भाषांतरासकट. इथे एक आपल्याकडची गोष्ट लक्षात ठेव, आपल्या नमुना ई च्या दाखल्यावर दोन तारखा असतात, लग्नाची आणि नोंदणीची. आमची नोंदणी झाली जूनमध्ये, आणि कोणी घाईत नोंदणीची तारीख धरली असती तर दोन वर्षं झालीच नव्हती. मी लग्नाच्या तारखेवर पिवळा हायलायटर मारला आणि पत्रात पहिल्याच ओळीत लिहिलं, लग्न या तारखेला, प्रवेश या तारखेला, मधे दोन वर्षं अठरा दिवस, म्हणून कॅटेगरी आयआर१ हवी. आणि तारखा लिहिताना महिना आधी, दिवस नंतर. आपला हात आपोआप दिवस आधी लिहितो, १२ फेब्रुवारी इथल्या फॉर्मवर ०२/१२ असते, उलटं लिहिलंस तर तो २ डिसेंबर होतो आणि एक चूक दुरुस्त करताना दुसरी तयार.

तरी माझं पहिलं पाकीट परत आलं, तीन आठवड्यांनी, फी जोडली नाही म्हणून. मी त्या रात्री खरंच रडले, मग उठून पत्र परत टाइप केलं, वर ठळक अक्षरात, खात्याची चूक, फी लागू नाही, आणि खाली फॉर्ममधल्या कोणत्या पर्यायाखाली ते. दुसऱ्यांदा पावती आली, आय-७९७, ती सांभाळून ठेवली, त्यावरच्या नंबरवर ऑनलाइन केस बघता येते. नोव्हेंबरात नवं कार्ड, कॅटेगरी IR1, दहा वर्षांचं, रेसिडेंट सिन्स २ मार्च २०२३. एक पैसाही फी लागली नाही, फक्त पोस्टाचा खर्च.

तुझ्यासाठी आता. व्हिसा एप्रिलपर्यंत आहे तर माझं मत स्पष्ट आहे, संक्रांत माहेरी कर आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढ. व्हिसाच्या शेवटच्या तारखेपर्यंत ताणू नकोस, विमान रद्द झालं तर पंचाईत होईल. दाखला आणि भाषांतर केबिन बॅगेत ठेव, चेक-इन मध्ये नको, आणि काउंटरवर पासपोर्ट देतानाच सांग की लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालीत, आयआर१ म्हणून घ्या. शिक्का मारल्यावर तिथून हलायच्या आधी पेनने काय लिहिलंय ते वाच. CR1 दिसलं तर शांतपणे दाखला पुढे कर.

पासपोर्टवर माहेरचं नाव आहे याची काळजी करू नकोस, कार्ड व्हिसावरच्या नावाने येतं. फक्त व्हिसाच्या पानावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख आजच पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळवून बघ, काही चुकलं असेल तर निघायच्या आधी मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटकडूनच दुरुस्त करून घे, इथे आल्यावर तीच चूक कार्डावर उतरते. २३५ डॉलरची इमिग्रंट फी निघायच्या आधी ऑनलाइन भर, त्याला ए-नंबर (इमिग्रेशन खातं तुला देतं तो ओळख क्रमांक) आणि बीएमबी ने सुरू होणारा केस नंबर लागतो, तीही फी भरल्याशिवाय कार्ड छापत नाहीत.

आणि नवऱ्याला आत्ताच सांग की मेलबॉक्सवर तुझं माहेरचं आडनावही लिहून ठेव. त्या पत्त्यावर त्या नावाचं कोणी दिसलं नाही तर पोस्टमन कार्डाचं पाकीट परत पाठवू शकतो, आमच्या बिल्डिंगमध्ये एका गुजराती मुलीचं तसंच परत गेलं होतं. मी आल्याच दिवशी एका पांढऱ्या चिकटपट्टीवर दोन्ही आडनावं लिहून आतल्या बाजूला लावली होती, ती अजून तशीच आहे.