नाचात व्हीआर आणायचंय? हेडसेटपासून सुरुवात नको

पहिल्या प्रयोगात नर्तकीला हेडसेट घालू नका. क्वेस्ट ३ या हेडसेटचं वजनच साधारण ५१५ ग्रॅम. कथकच्या चकरांत तो घसरतो, आणि नजर रोखायचा खरा बिंदू दिसेनासा झाला की तोल जातो. तिच्या अंगावर हालचाल टिपणारे ट्रॅकर लावा आणि आभासी दृश्य पडद्यावर दाखवा.

व्हाइव्ह या व्हीआर संचाचे तीन ट्रॅकर पुरतात: एक कंबरेला, दोन पायांना. पायाचे मात्र घुंगरांच्या वर, पोटरीच्या बाहेरच्या अंगाला घट्ट बांधा. घुंगरांना चिकटून बांधले तर तत्काराच्या, म्हणजे पदन्यासाच्या, ठोक्यागणिक आभासी पाऊल थरथरतं. ट्रॅकरची जागा कळावी म्हणून लागणारी दोन बेस स्टेशन समोरासमोरच्या कोपऱ्यांत, दोन मीटरच्या वर, थोडी खाली झुकवून लावा. ती इन्फ्रारेड किरणांवर चालतात आणि आरशावरून ते किरण परततात, म्हणून तालमीच्या हॉलमधले आरसे झाका. हे हमखास राहून जातं, आणि मग पाय अचानक भलतीकडे उडालेला दिसतो.

सगळ्यात जास्त वेळ विलंब, म्हणजे पाय हलल्यावर पडद्यावर तो उशिरा दिसणं, कमी करायला द्या. द्रुत लयीत मिनिटाला ३०० मात्रा असतील तर एक मात्रा २०० मिलिसेकंदांची. पडदा १०० मिलिसेकंद मागे राहिला की सम अर्धी मात्रा चुकलीच! मोबाइलवर २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये पाय आणि पडदा एकत्र टिपा, मधल्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे सुमारे चार मिलिसेकंद. आकडा मोठा आला तर आधी प्रोजेक्टरचा विलंब कमी करणारा गेम मोड चालू करा, चित्र सरळ करणारं कीस्टोन बंद करा, मग पुन्हा मोजा.