वाचकांचे प्रश्न : ल माँच्या जुन्या गाड्या आणि त्या जपणारे चालक

प्रश्न : ताई, १९६९ साली फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत सगळे चालक गाडीकडे धावत सुटले आणि जॅकी इक्स एकटाच चालत गेला, असं वाचलं. तरीही तो जिंकला. हे खरं, की नंतर कोणी रंगवून सांगितलेलं?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : अगदी खरं आहे. त्या काळी ल माँला गाड्या पिटसमोर, म्हणजे इंधन-दुरुस्तीच्या जागेसमोर, तिरक्या रांगेत उभ्या असत आणि चालक रस्त्याच्या पलीकडच्या कडेला. झेंडा पडला की धावत जायचं, दार उघडून आत शिरायचं, इंजिन चालू करायचं आणि निघायचं. प्रेक्षकांना ते फार आवडे. पण एव्हाना गाड्यांत सीटबेल्ट आले होते, आणि ते नीट आवळायला वेळ लागतो. घाईतला माणूस तो वेळ काढत नसे. पहिली फेरी तो तशीच मारायचा, नाहीतर सरळ रस्त्यावर भरवेगात एका हाताने बांधाबांध करायचा. आदल्याच वर्षी विली मेरेसच्या फोर्डचं दार नीट लागलं नव्हतं. पहिल्याच फेरीत म्युलसानच्या लांबलचक सरळ रस्त्यावर ते उघडलं, गाडी आदळली आणि मेरेस पुन्हा कधी शर्यतीत उतरू शकला नाही. तो बेल्जियमचा होता, आणि इक्सही.

इक्स तेव्हा २४ वर्षांचा होता. तो चालत गेला, पट्टे बांधले आणि सगळ्यांच्या मागून निघाला. त्याच पहिल्या फेरीत जॉन वुल्फ हा हौशी ब्रिटिश चालक ट्रॅकवरच्या मेझाँ ब्लाँश या वळणांजवळ आपल्या कोऱ्या पोर्श ९१७ मधून बाहेर फेकला जाऊन मरण पावला. त्याने पट्टा बांधलेला नव्हता. पुढच्या वर्षी धावत सुटण्याची पद्धत बंद झाली आणि चालक आधीच पट्टे बांधून गाडीत बसू लागले. चोवीस वर्षांच्या पोराने भर गर्दीसमोर एकट्याने एवढं करावं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

आता तो जिंकला कसा? त्याची आणि जॅकी ऑलिव्हरची फोर्ड जीटी४० तोपर्यंत जुनी झाली होती. चॅसिस, म्हणजे सांगाड्याचा, क्रमांक १०७५. हीच गाडी १९६८ ला पेद्रो रॉद्रिगेझ आणि लुसियाँ बियाँकी यांनी जिंकून दिली होती. समोर नव्या कोऱ्या ९१७ गाड्या, बारा सिलिंडरच्या, सरळ रस्त्यावर कितीतरी वेगवान. त्यांतली व्हिक एलफर्ड आणि रिचर्ड अ‍ॅटवूड यांची गाडी तर रविवारी सकाळी उशिरापर्यंत आरामात पुढे होती, आणि शेवटचे तीनेक तास उरले असताना क्लच-गिअरबॉक्सच्या दुखण्याने बसली. मी पिंपरीच्या एका कारखान्यात गिअरबॉक्सच्या चाचणीवर नोकरी केली, त्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते. चोवीस तासांत हजारो वेळा गिअर बदलावा लागतो. दर वेळी दात किंचित खाल्ले जातात, आणि ते किती खायचे हे चालकाच्या हातात असतं. इक्सची फोर्ड उतरवणाऱ्या जॉन वायर यांच्या संघात चालकांना ठरवून दिलेल्या वेळेपेक्षा वेगाने फेरी मारली तर शाबासकी मिळत नसे, उलट जाब विचारला जाई.

शेवटच्या तासात इक्सच्या पुढेमागे हान्स हेरमानची पोर्श ९०८ होती. हेरमानच्या समोर ब्रेक पॅड झिजल्याचा दिवा लागलेला. पॅड बदलायला थांबलं तर शर्यत गेलीच, म्हणून तो तसाच चालवत राहिला. इक्सने म्युलसानवर त्याला मुद्दाम पुढे जाऊ दिलं, त्याच्या मागच्या पातळ हवेत शिरला आणि वळणाच्या ऐन तोंडावर बाहेर निघून पुढे गेला. हे तो करू शकला, कारण त्याच्या गाडीत उशिरा दाबण्याइतके ब्रेक शिल्लक होते. जवळपास ५,००० किलोमीटर धावून दोघांत अंतर उरलं सुमारे १२० मीटरचं.

प्रश्न : आपल्याकडचं कोणी या शर्यतीत धावलंय का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : हो. २०१२ मध्ये करुण चंढोक धावला, तो पहिला भारतीय. डेव्हिड ब्रॅबम आणि पीटर डंब्रेक यांच्यासोबत त्याने सहावा क्रमांक मिळवला. त्याआधी २००९ मध्ये नरेन कार्तिकेयन सरावात उतरला होता, पण शर्यतीच्या तोंडावर खांदा निखळला आणि त्याला बसून राहावं लागलं. २०१९ मध्ये अर्जुन मैनी धावला.

प्रश्न : पोर्श ९१७ चालवायला म्हणे चालकच तयार नसत. मग तीच गाडी सगळ्यांत नावाजलेली कशी झाली?
— गॅरेजमालक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्यासारख्या हाताने काम करणाऱ्या माणसाला ही गोष्ट आवडेल.

नियमानुसार अशा २५ गाड्या बांधून दाखवायच्या होत्या, आणि पोर्शचे तांत्रिक प्रमुख फर्डिनांड पिएख यांच्या हाताखालच्या लोकांनी त्या एप्रिल १९६९ मध्ये कारखान्याच्या आवारात ओळीने उभ्या करून दाखवल्या. साडेचार लिटरचं, हवेने थंड होणारं इंजिन, वर मोठा आडवा पंखा. सांगाडा अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा, आणि त्या नळ्यांत दाबाने वायू भरलेला. दाब उतरला की समजायचं, कुठेतरी तडा गेला. वजन वाचवण्यासाठी चालकाचे पाय पुढच्या आसाच्याही पुढे येतील अशी रचना केलेली. एवढं सगळं करून गाडी सरळ रस्त्यावर वेग धरला की डुलायची, मागची चाकं जमीन सोडायला बघायची. बेल्जियममधल्या स्पाच्या ट्रॅकवर पोर्शचा चालक योझेफ सिफर्ट याने तिच्यात एक चक्कर मारली आणि शर्यतीला जुनी ९०८ घेतली.

ऑक्टोबर १९६९ मध्ये ऑस्ट्रियातल्या झेल्टवेगच्या ट्रॅकवर चाचण्या चालल्या होत्या. अभियंते स्प्रिंगा बदलत होते, टायर बदलत होते, काही केल्या फरक पडेना. वायर यांचा संघ आता पोर्शच्या गाड्या उतरवणार होता. त्या संघातला अभियंता जॉन हॉर्समन याचं लक्ष गाडीवर चिकटलेल्या मेलेल्या चिलटांकडे गेलं. नाकावर, काचेवर चिलटांचा थर होता, आणि शेपटीच्या टोकाला एकही नाही. म्हणजे हवा मागच्या भागाला शिवतच नव्हती, मग ती चाकं खाली दाबणार कशी? त्यांनी तिथल्या तिथे पत्रा कापला, रिबिटा मारल्या, चिकटपट्ट्या लावल्या आणि मागचा भाग आखूड करून वर उचलला. चालक ब्रायन रेडमन गाडी घेऊन गेला आणि नेहमीप्रमाणे लगेच परत न येता फेऱ्या मारतच राहिला. तिथून आखूड शेपटीची ९१७ जन्मली. मला या प्रकरणात हॉर्समनचा फार अभिमान वाटतो. मोजमापाची यंत्रं सगळ्यांकडे होती, गाडीच्या अंगाकडे त्याने पाहिलं.

१९७० साली पोर्शने ल माँ पहिल्यांदा जिंकलं, ते अशाच लाल-पांढऱ्या ९१७ ने. चालक होते तोच हेरमान आणि तोच अ‍ॅटवूड. आदल्या वर्षी गिअरबॉक्सने दगा दिला होता, म्हणून अ‍ॅटवूडने मोठं नवं इंजिन नाकारून जुनं साडेचार लिटरचं मागितलं, आणि पाचऐवजी चार गिअर. पावसाने झोडपलेल्या त्या शर्यतीत अखेर फक्त ७ गाड्यांना क्रमांक मिळाले. विजयानंतर हेरमान, ४२ वर्षांचा, शर्यती सोडून घरी गेला.

प्रश्न : चोवीस तास एकट्यानेच गाडी चालवली, असं कधी झालंय का?
— निवृत्त एसटी चालक, सातारा

उत्तर : अगदी जवळपास झालंय. १९४९ मध्ये लुइजी किनेट्टीने फेरारी १६६ एमएम जवळजवळ एकट्याने चालवून जिंकली. जोडीदार लॉर्ड सेल्सडन यांनी मधला तासाभराचा वेळच काय तो सांभाळला. फेरारीचा ल माँमधला तो पहिला विजय, आणि किनेट्टी तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता.

पण तुम्हाला सांगायचं ते पिएर लेवेघबद्दल. १९५२ मध्ये तो टॅलबो गाडी घेऊन उतरला. जोडीदार रेने मार्शाँ पिटमध्ये तयार बसलेला, पण लेवेघ गाडी देईना. इंजिनातून थरथर येत होती, आणि ती सांभाळून कसं चालवायचं हे फक्त आपल्यालाच कळतंय अशी त्याची खात्री होती. तेवीस तासांच्या आसपास तो एकटा चालवत राहिला. मर्सिडीजच्या संघाच्या तो चार फेऱ्या पुढे होता. शर्यत संपायला तासाभराहून थोडाच जास्त वेळ उरला असताना इंजिन मोडलं. मर्सिडीज पहिल्या आणि दुसऱ्या आल्या.

दमलेल्या माणसाने चुकीचा गिअर टाकला, असं बरेच जण लिहितात. मला ते पटत नाही. थरथर आदल्या रात्रीपासून होती, क्रँकशाफ्ट आतून सैल होत होता, आणि तशा इंजिनाला रविवार दुपारपर्यंत आणणं हेच मोठं काम होतं. १९५५ मध्ये मर्सिडीजने त्यालाच आपल्या संघात बोलावलं, आणि त्या वर्षीच्या भीषण अपघातात तो आणि ८० हून अधिक प्रेक्षक गेले. लोक त्याचं नाव तेवढ्यासाठीच घेतात. तुम्ही स्वतः रात्रीच्या गाड्या चालवल्या आहेत, तुम्ही ते १९५२ साठी घ्या.

आता नियमाने एका चालकाला ६ तासांत ४ पेक्षा जास्त आणि एकूण १४ पेक्षा जास्त तास चालवता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

प्रश्न : या गाड्या आज पाहायला मिळतात का?
— एक वाचक, सध्या मुक्काम स्टुटगार्ट

उत्तर : तुम्ही तर दारातच आहात. झुफेनहाउझनच्या पोर्श संग्रहालयात ९१७ पाहता येते. वेळ काढून तिच्या मागच्या बाजूलाही उभे राहा, शेपटीचा उतार बघा. सुट्टी जास्त असेल तर फ्रान्सला जा, ल माँचं संग्रहालय ट्रॅकच्या दाराशीच आहे.