गुरेत्स्की ऐकताना : वाचकांचे प्रश्न

पोलिश संगीतकार हेन्रिक गुरेत्स्की (१९३३–२०१०) यांच्याविषयी आलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरे.

तिसरी सिम्फनी पहिल्यांदाच ऐकणार आहे. ध्वनिमुद्रण कोणते निवडू?

झोफिया किलानोविच यांनी गायलेले, अंतोनी वित यांच्या संचालनातले. १९७६ साली लिहिलेली ही रचना जगभर पोचली ती १९९२च्या ध्वनिमुद्रणामुळे. गायिका डॉन अपशॉ, वाद्यवृंद लंडन सिन्फोनिएटा, संचालक डेव्हिड झिनमन. दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. अपशॉ यांचा आवाज विलक्षण नितळ आहे, तरी मला किलानोविच अधिक भिडतात. पोलिश ही त्यांची मातृभाषा, आणि इथे सूर शब्दांना धरूनच चालतो.

एक विनंती. सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका. डबल बास (खर्जातली मोठी तंतुवाद्ये) अगदी दबक्या सुरात चाल धरतात, मग पंचमाच्या अंतराने वर वर जात एकेक वाद्यगट तीच चाल उचलतो. ही भर घालायला गुरेत्स्की भरपूर वेळ घेतात. तो त्यांना द्या.

ही सिम्फनी ऑश्विट्झ या नाझी छळछावणीवर आहे ना?

नाही. ती तशी ऐकली जाते खरी, पण तिच्यातली तिन्ही गीते आई आणि मूल यांची आहेत. पहिले पंधराव्या शतकातला, येशूची आई मेरी हिचा विलाप. तिसरे सायलेशियातले लोकगीत, हरवलेल्या मुलाला शोधणाऱ्या आईचे. मधले शब्द पोलंडमधल्या झाकोपाने इथल्या गेस्टापोच्या (नाझी गुप्त पोलिसांच्या) कोठडीत भिंतीवर सापडले. लिहिणारी कैदी अठरा वर्षांची होती. त्या ओळींत सूडाची भाषा नाही. ती आईला रडू नको म्हणते आणि मेरीकडे आधार मागते. या गीताला गुरेत्स्कींनी दिलेली उजळ सुरुवात ऐकली की मी दर वेळी गलबलतो.

त्यांचे सगळेच संगीत इतके संथ आहे का?

मुळीच नाही. १९८० सालचा हार्पसिकॉर्ड कॉन्चेर्टो ऐका, म्हणजे पियानोसारख्या जुन्या पट्टीवाद्यासाठी वाद्यवृंदासह लिहिलेली रचना. जेमतेम नऊ मिनिटांचा, आणि श्वास घ्यायला फुरसत नाही! क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या गटासाठी लिहिलेल्या पहिल्या तंतुवाद्य-चौकडीतही (१९८८) आक्रमक, ठोकून काढलेले भाग आहेत. मोजक्या स्वरांना चिकटून राहण्याचा हट्ट मात्र सिम्फनीतलाच. तो ओळखू आला की संथ आणि द्रुत गुरेत्स्की वेगळे वाटत नाहीत.

आमचा समूहगायनाचा गट आहे. त्यांचे काय बसवता येईल?

पोप जॉन पॉल दुसरे यांच्या पोलंडभेटीसाठी १९८७ साली लिहिलेले 'तोतुस तुउस'. साथीची वाद्ये नाहीत, स्वररचना सोपी. अवघड आहे तो शेवट : तेच शब्द पुन्हा पुन्हा, अधिकाधिक हळू, आणि सूर तसूभरही न उतरता. ते जमल्याशिवाय 'मिझेरेरे'ला हात घालू नका. १९८१ साली बिद्गोश्च इथे सॉलिडॅरिटी या पोलिश कामगार संघटनेच्या कार्यकर्त्यांना झालेल्या मारहाणीनंतर लिहिलेली ती रचना अर्ध्या तासाहून मोठी आहे, शब्द अवघे पाच, आणि 'आमच्यावर दया कर' ही याचना अगदी शेवटी येते. तोवर गायकांचा दम टिकायला हवा.