पूर-भूकंपाच्या काळात सोशल मीडियावर प्रशासनावर टीका करायला बंदी असावी का?

नसावी. एक दिवससुद्धा नसावी.

तुम्ही विचारलंय की आपत्ती चालू असताना लोक फेसबुकवर प्रशासनाच्या नावानं ओरडत बसतात, त्यानं मदत करणाऱ्यांचं मनोधैर्य जातं, तर तेवढे दिवस गप्प बसवलं तर काय बिघडलं. हेच वाक्य माझ्या थोरल्या भावानं मला ऑगस्ट २०१९ मध्ये फोनवर ऐकवलंय आणि मी तेव्हा ऐकलं, म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी, गावाचं नाव लिहीत नाही. त्या वर्षी नागपंचमीला, ५ ऑगस्टला, पाणी वेशीपाशी आलं. आमच्याकडे सगळ्यांनी २००५ च्या पुराची खूण धरलेली, भिंतीवर रेघच मारलेली आहे, त्या हिशोबानं धान्याची पोती वर उचलून ठेवली आणि निवांत बसले. ती रेघ मंगळवारी रात्री बुडाली. नंतर सांगलीत आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या स्लॅबवर आई, दादा, वहिनी, पोरं आणि शेजारपाजारचे धरून १९ माणसं. म्हशींची दावी सोडून दिली, चारातल्या दोन गेल्या. ट्रॅक्टरची बॅटरी काढून वर चढवली आणि तिच्यावर एकच फोन चार्ज करायचे, दादाचा. आईचं इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवलेलं, ते किती दिवस टिकणार कुणाला माहीत नाही.

मी पुण्यात. हायवे बंद, जायला वाट नाही. कंट्रोल रूमला फोन लावून लावून बुधवारी रात्री मी पोस्ट टाकली. काय लिहिलं होतं ते जसंच्या तसं आठवतं: आमच्या वाडीवर अजून एकही बोट आलेली नाही, यादीत नाव आहे असं सांगतात पण येत कुणी नाही, १९ माणसं आहेत, जुने कपडे गोळा करू नका, बोट, इन्सुलिन आणि जनावरांना वैरण लागणार आहे. शिवी नाही, पक्षाचं नाव नाही.

गुरुवारी आमच्याच जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना काढणारी बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली, बायका-पोरं गेली. त्याच दुपारी दादाचा फोन. त्याला कुठल्या तरी ऑफिसातून फोन गेला होता, बहिणीला पोस्ट काढायला सांगा, आमची माणसं रात्रंदिवस राबतायत. दादा गावच्या सोसायटीत संचालक, सगळ्यांशी संबंध ठेवून असतो. म्हणाला, "जी माणसं जीव धोक्यात घालून आपल्याला काढणार त्यांनाच नावं ठेवतीस? उद्या बोट आलीच नाही तर तू येणारेस का पोहत?" मी घाबरले आणि पोस्ट डिलीट केली.

दहा-बारा दिवसांनी मेसेज रिक्वेस्ट उघडल्या तर त्यात एका पोराचे दोन मेसेज. पहिला गुरुवारचा: "ताई, पोस्टखाली कमेंट केली होती, आमच्याकडं रबरी बोट हाय, लोकेशन पाठवा." दुसरा त्याच संध्याकाळचा: "पोस्ट दिसत नाही, म्हणजे सुटका झाली असं समजतो." मी पोस्ट काढली तशी त्याची कमेंट गेली आणि त्याचा नंबरही गेला. आमची माणसं शनिवारी निघाली.

म्हणून सांगते, पुरात तक्रार हीच माहिती असते. कुठं बोट पोचली नाही हे जिथं पोचली नाही तिथलाच माणूस सांगणार. बिस्किटांचे ट्रक डांबरी रस्त्याच्या गावांत खाली होत होते, जुन्या साड्यांचे ढीग रस्त्याकडेला चिखलात पडले होते आणि आत वैरणीची एक पेंढी नव्हती. हे कुणीतरी बोलल्याशिवाय पुण्या-मुंबईच्या माणसाला कळणार कसं? त्याच आठवड्यात सरकारचा आदेश निघाला होता, दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली असलेल्या कुटुंबाला १० किलो गहू, १० किलो तांदूळ. घरात चुलीपर्यंत पाणी आणि दिवस मोजायचे! मदतीच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवले होते तेही लोकांनी ऑनलाइन बोंब मारली म्हणूनच राज्यभर गेलं. हे सगळं नंतर शांतपणे बोला म्हणणाऱ्यांना मी विचारते, नंतर म्हणजे कधी, पंचनाम्याला?

कायद्याचं म्हणाल तर बंदी घालणं वाटतं तितकं सोपंही नाही. पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्टवरून २०१२ मध्ये अटक झाली होती, त्यानंतर लढाई होऊन माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ कलम, ज्याखाली ऑनलाइन लिहिण्यावरून अटक व्हायची, ते सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये रद्द केलं. कोविडमध्ये ऑक्सिजनसाठी पोस्ट टाकणाऱ्यांवर कारवाई करायला निघाले तेव्हा ३० एप्रिल २०२१ ला कोर्टानं बजावलं की लोकांची गाऱ्हाणी दडपली तर तो कोर्टाचा अवमान धरू. आणि खरंच खोटी घबराट पसरवणाऱ्यासाठी आपत्ती व्यवस्थापन कायद्यात ५४ कलम आहेच, एक वर्षापर्यंत कैद. मग वेगळी बंदी कशाला पाहिजे?

हां, अफवा वाईटच. आमच्याच नातेवाइकांच्या ग्रुपवर धरण फुटल्याचा मेसेज आला होता आणि माझी मावशी रात्री दोन वाजता पोरं घेऊन कोरड्या घरातून बाहेर पडली. त्यामुळे पोस्ट टाकणार असाल तर तारीख, वेळ, किती माणसं, काय पाहिजे एवढं लिहा, बाईमाणसाचा नंबर उघड्यावर टाकू नका. आणि मदत पोचली तरी पोस्ट काढू नका, वर "मदत पोचली" लिहा. माझ्यासारखं कुणाच्या सांगण्यावरून डिलीट तर अजिबात करू नका, मग सांगणारा सख्खा भाऊ का असेना.

दादा दर दिवाळीला म्हणतो, बोट तशीही येणारच होती, तुझ्या पोस्टनं काय झालं असतं. येणारच होती तर ती रबरी बोट गुरुवारी का नको होती, एवढंच त्यानं मला सांगावं.